वाचकांचे प्रश्न : संगणकाला मराठी आवाज देताना

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे अंध व्यक्तींच्या संगणकावरील स्क्रीन रीडरविषयी आणि त्याच्या मराठी आवाजाविषयी आहेत. त्यामुळे या अंकात इतर विषय बाजूला ठेवून याच पत्रांना उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझे वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. मधुमेहामुळे त्यांची दृष्टी गेली. एका परिचितांच्या सांगण्यावरून मी त्यांच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर बसवले. ते इंग्रजी व्यवस्थित वाचते, पण मराठी मजकूर आला की गप्प बसते, मध्येच एखादा आकडा बोलते. कार्यक्रम बिघडलेला आहे का? मराठीसाठी वेगळे काही विकत घ्यावे लागेल का? (कोल्हापूर)

उत्तर : बिघाड काही नाही आणि विकतही काही घ्यावे लागणार नाही. पडद्यावर काय आहे, कर्सर कोठे आहे, समोरची गोष्ट बटण आहे की यादी आहे की मजकूर आहे, हे शोधून त्याचे बोलण्याजोगे वाक्य तयार करणे हे स्क्रीन रीडरचे काम असते, तर त्या वाक्याचा प्रत्यक्ष ध्वनी करणे हे स्पीच सिंथेसायझरचे काम असते. एके काळी हा सिंथेसायझर म्हणजे संगणकाला तारेने जोडायची वेगळी पेटी असे. १९८४ साली बाजारात आलेला डेकटॉक हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. आज दोन्ही कामे सॉफ्टवेअरच करते आणि दोन्ही एकाच वेळी संगणकावर येतात, म्हणून ती एकच वाटतात. आपल्या वडिलांच्या लॅपटॉपवर स्क्रीन रीडर मराठी मजकूर सिंथेसायझरकडे नीट पोहोचवतो आहे, परंतु पलीकडे बसलेल्या आवाजाला इंग्रजीखेरीज काही येत नाही. विंडोज १० आणि ११ वर एनव्हीडीए सुरुवातीला विंडोजचाच आवाज उचलतो, तो बहुधा इंग्रजी असतो आणि देवनागरी अक्षरांसाठी त्याच्याकडे उच्चाराचे नियमच नसल्याने तो ती सोडून देतो. आकडे तेवढे त्याला ओळखीचे असतात.

उपाय एनव्हीडीएच्या पोटातच आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ साली हा स्क्रीन रीडर लिहायला घेतला आणि त्याच्यासोबत जो सिंथेसायझर मिळतो, तो ई-स्पीक एनजी, मराठीसह शंभराहून अधिक भाषा बोलतो. इन्सर्ट आणि कंट्रोल या कळा दाबून ठेवून एस दाबावे, म्हणजे सिंथेसायझर निवडण्याची चौकट उघडते. तीत बाणाच्या कळीने ई-स्पीक एनजी निवडून एंटर दाबावे. त्यानंतर इन्सर्ट, कंट्रोल आणि व्ही या कळांनी आवाजाची सेटिंग्ज उघडतात. तेथे आवाजांच्या यादीत एम हे अक्षर पुन्हापुन्हा दाबत गेल्यास मल्याळम वगैरे नावांमधून मराठी सापडते. ती निवडून, वेग सावकाश करून, एंटर दाबावे आणि शेवटी इन्सर्ट, कंट्रोल आणि सी या कळांनी सारे जतन करावे. आता इंग्रजीचे काय, अशी शंका आपल्याला येईल. तर मराठी आवाज निवडलेला असताना रोमन लिपीतील शब्द ई-स्पीक इंग्रजीच्या नियमांनी बोलतो. ते ऐकायला फारसे गोड नसते, पण कळते.

लॅपटॉपच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून करावी. अनेक लॅपटॉपवर इन्सर्टची कळ अडचणीच्या जागी असते किंवा दुसऱ्या कळीत दडलेली असते, आणि नुकत्याच दृष्टी गेलेल्या माणसाला ती चाचपडत शोधणे जाचक होते. एनव्हीडीए सुरू होताना जी स्वागताची चौकट येते तीत कॅप्स लॉकलाही इन्सर्टप्रमाणे वापरण्याची सोय आहे. ती चालू करावी आणि त्याच चौकटीत लॅपटॉपची कळरचना निवडावी. कॅप्स लॉकचे मूळ काम हवे असल्यास ती कळ लागोपाठ दोनदा दाबावी लागते, एवढे वडिलांना सांगून ठेवावे. सर्वांत आधी मात्र त्यांना दोनच कळा शिकवाव्यात. कंट्रोल दाबले की बोलणे तत्काळ थांबते. इन्सर्ट आणि एक दाबले की कळांची ओळख सुरू होते, म्हणजे पुढे कोणतीही कळ दाबली तरी संगणक काही करत नाही, फक्त त्या कळीचे नाव आणि काम सांगतो, आणि पुन्हा तेच दाबले की ही अवस्था संपते. शिक्षक असलेल्या गृहस्थांना आपल्या मुलाकडून प्रत्येक कळ विचारून घेण्यापेक्षा हा मार्ग अधिक रुचेल, असे मला वाटते.

प्रश्न : मी अंध मुलींच्या वसतिगृहात संगणक शिकवते. ई-स्पीकचा मराठी आवाज मुलींना यंत्रासारखा, कोरडा वाटतो. ब्राउझरमध्ये मी फार सुंदर मराठी आवाज ऐकले आहेत. ते एनव्हीडीएला का जोडता येत नाहीत? हिंदी आवाज तरी वापरावा का? (नाशिक)

उत्तर : हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत अनेकांनी विचारला आहे आणि त्यात आवाज जितका गोड तितका तो चांगला, असे गृहीत धरलेले दिसते. डोळसांनी निवडलेले आवाज अंध वापरकर्ते पुष्कळदा काही दिवसांत बदलून टाकतात, त्यामागील कारण समजून घेण्यासारखे आहे.

काही व्यंजनांचे छोटे ध्वनिमुद्रित तुकडे सोडले तर ई-स्पीकमध्ये कोणा माणसाचा ध्वनिमुद्रित आवाज नाही. स्वराच्या वेळी घशात आणि तोंडात जे अनुनाद होतात, त्यांच्या कंपनसंख्या गणिताने काढून तो ध्वनी तयार करतो. म्हणून तो कोरडा वाटतो. पण म्हणूनच तो काही मेगाबाइटमध्ये मावतो, जुन्यात जुन्या संगणकावर चालतो आणि कळ दाबताच बोलतो. जोनाथन डडिंग्टन यांनी १९९५ साली एकॉर्न संगणकांसाठी त्याचे मूळ रूप लिहिले, तेव्हा संगणकाची स्मृती आजच्या मानाने नगण्य होती, आणि ती काटकसर त्याच्या अंगी आजही आहे. आपण ब्राउझरमध्ये ऐकलेले आवाज, उदाहरणार्थ एज ब्राउझरमधील आरोही आणि मनोहर, हे माणसांच्या बोलण्यावरून शिकवलेल्या न्यूरल जाळ्यांतून तयार होतात, त्यांचे गणित दूरच्या सर्व्हरवर चालते आणि त्यासाठी इंटरनेट लागते. तेथे तयार झालेला ध्वनी आपल्यापर्यंत यायला क्षणभर जातो. लेख ऐकताना सुरुवातीच्या त्या क्षणाचे काही वाटत नाही. स्क्रीन रीडर वापरणारी व्यक्ती मात्र एका मिनिटात कितीतरी वेळा बाण दाबते, निम्मा शब्द ऐकून पुढे जाते, चुकली तर मागे येते, टंकलेले प्रत्येक अक्षर ऐकते. प्रत्येक कळीमागे जर असा क्षण गेला तर काम हातातून सुटते आणि थोड्याच वेळात माणूस चिडतो.

दुसरा मुद्दा वेगाचा. ई-स्पीकचा मूळ वेग मिनिटाला १७५ शब्दांचा आहे, म्हणजे साधारण बोलण्याहून थोडा अधिक. सराव झालेले वापरकर्ते याच्या दुपटीने आणि त्याहूनही जलद ऐकतात. त्या वेगाला मानवी वाटणारे अनेक आवाज एकमेकांत मिसळू लागतात, ई-स्पीकचे व्यंजन मात्र सुटे राहते. त्यामुळे आपल्या विद्यार्थिनींना महिनाभर तरी ई-स्पीकवरच ठेवावे, असे मी सुचवेन. कोरडेपणा कमी करण्यासाठी आवाजाच्या सेटिंग्जमध्ये व्हेरिएंट नावाची यादी आहे, तीतून पुरुषी, बायकी, घोगरा, बारीक असे प्रकार निवडता येतात. प्रत्येकीने आपल्या कानाला सोसेल तो घ्यावा, सगळ्या वर्गासाठी एकच ठरवू नये. वेगही प्रत्येकीचा वेगळा असू द्यावा आणि तो दर आठवड्याला एखाद्या पायरीने वाढवावा.

हिंदी आवाजाचा मोह मात्र टाळावा. विंडोजवर हेमंत आणि कल्पना हे हिंदी आवाज उपलब्ध आहेत, लिपी एकच असल्याने ते मराठी मजकूर वाचतातही आणि प्रथम ऐकताना बरे वाटतात. पण पंचविसाच्या आकड्याला ते ‘पच्चीस’ म्हणतील, पन्नासला ‘पचास’. हिशेबाचा तक्ता ऐकताना हा घोळ मुलीला नको तेथे अडवतो. ळ हे अक्षर हिंदीत वापरात नसल्याने त्याचा उच्चारही भरवशाचा नसतो. शुद्धलेखन ज्यांना कानानेच शिकायचे आहे, त्यांच्या कानावर अशी मराठी रोज पडू देणे मला योग्य वाटत नाही.

गोड आवाजाची हौस भागवण्याचा मार्गही आहे. एनव्हीडीएमध्ये कॉन्फिगरेशन प्रोफाइल नावाची सोय आहे, ती इन्सर्ट, कंट्रोल आणि पी या कळांनी उघडते. नवे प्रोफाइल करताना ते केव्हा लागू व्हावे असे विचारले जाते, त्यात ‘से ऑल’ म्हणजे सलग वाचन हा एक पर्याय असतो. तो निवडून त्या प्रोफाइलमध्ये वेगळा, सावकाश, कानाला बरा वाटणारा आवाज ठेवला की धडा सलग ऐकताना तो बोलतो आणि मेन्यूत फिरताना, टंकताना आपोआप ई-स्पीक परत येतो. यासाठी संगणकावर बसवता येणारा, इंटरनेटशिवाय चालणारा मराठी आवाज हवा. असे काही आवाज विकत मिळतात. चोरून वाटलेल्या प्रती घेऊ नयेत, एवढे शिक्षिका म्हणून आपल्याला सांगायला नको.

प्रश्न : मी सहकारी पतसंस्थेत लिपिक आहे आणि जन्मांध आहे. नव्या पत्रांचे वाचन ठीक होते, पण कार्यालयातील जुन्या मराठी फायली उघडल्या की ई-स्पीक अर्थहीन इंग्रजी अक्षरे बडबडू लागतो. सहकाऱ्यांना मात्र पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते. आवाज बदलून पाहिला, उपयोग झाला नाही. (सांगली)

उत्तर : येथे स्क्रीन रीडर आणि आवाज दोघेही निर्दोष आहेत, दोष मजकुरात आहे, म्हणूनच आवाज बदलून उपयोग झाला नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारी आजची पद्धत, रुळण्यापूर्वी मराठी टंकनासाठी कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी, सुरेख असे फॉन्ट वापरले जात. त्यांत फायलीत साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हेच. फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचे आकार दाखवतो, इतकेच. कृतिदेवमध्ये टंकलेला ‘भारत’ हा शब्द फायलीत एच, के, के, जे, आर अशा पाच रोमन अक्षरांचा असतो. डोळ्याला आकार दिसतो म्हणून तो ‘भारत’ वाचतो, स्क्रीन रीडर साठवलेली अक्षरे वाचतो आणि ती तो अगदी बरोबर वाचतो.

खात्री करायची तर अशा मजकुरावर कर्सर ठेवून इन्सर्ट आणि एफ दाबावे, एनव्हीडीए फॉन्टचे नाव सांगतो. त्यावरून कोणता रूपांतरक, म्हणजे जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कार्यक्रम, वापरायचा ते ठरते. हे महत्त्वाचे आहे, कारण प्रत्येक जुन्या फॉन्टची अक्षरमांडणी वेगळी असते आणि कृतिदेवचा रूपांतरक श्रीलिपीच्या फायलीवर चालवला तर एका गोंधळाचा दुसरा गोंधळ होतो. रूपांतर झाल्यावर पहिली वेलांटी आणि रफार जरूर तपासावेत. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रूपांतरकाने ही अदलाबदल नीट केली नसेल तर ‘किती’ हा शब्दसुद्धा विचित्र ऐकू येतो. एका पानावर असे दोन-तीन शब्द सापडले तर पुढील फाइल देण्यापूर्वी रूपांतरक बदलावा.

आपल्याकडील काही फायली स्कॅन केलेल्या पीडीएफ असतील तर त्यांत अक्षरे मुळी नसतातच, केवळ चित्र असते. त्यांच्यासाठी ओसीआर, म्हणजे चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करण्याची सोय, लागते. टेसरॅक्ट हा मोफत कार्यक्रम मराठी ओळखतो; फाइल गोपनीय नसेल तर गुगल ड्राइव्हवर चढवून ती गुगल डॉक्समध्ये उघडल्यासही मजकूर मिळतो. पतसंस्थेची कागदपत्रे म्हणजे सभासदांच्या ठेवी आणि कर्जे, ती बाहेरच्या सर्व्हरवर चढवण्यापूर्वी वरिष्ठांची लेखी परवानगी घ्यावी. खरे तर हे सारे रूपांतर आपल्या एकट्यावर पडता कामा नये. या फायली डोळस सहकाऱ्यांनाही शोधता येत नाहीत, कारण शोधाच्या चौकटीत युनिकोडमध्ये ‘थकबाकी’ टंकले तर कृतिदेवमधील ‘थकबाकी’ सापडणार नाही. व्यवस्थापकांपुढे हा मुद्दा मांडल्यास काम लवकर हलेल, असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : पत्ते आणि नावे ऐकताना फार त्रास होतो. ‘ता.’, ‘जि.’, ‘मु. पो.’ हे जसेच्या तसे बोलले जाते आणि च, ज यांचे उच्चार चुकतात. सुधारता येईल का? (अमरावती)

उत्तर : बऱ्याच प्रमाणात येईल. च आणि ज यांचे दुखणे मात्र मुळातून जाणारे नाही. ‘चमचा’मधील च आणि ‘चंद्र’मधील च, ‘जाणे’मधील ज आणि ‘जन्म’मधील ज आपण वेगळे उच्चारतो, पण लिहितो एकसारखे; त्यामुळे प्रत्येक शब्दाची माहिती पुरवल्याखेरीज यंत्राला तो भेद कळण्याचा मार्ग नाही. शब्दांच्या शेवटचा किंवा मधला अ कोठे गळतो याचीही तीच कथा आहे. हा भाग ऐकून ऐकून अंगवळणी पडतो.

संक्षेपांसाठी एनव्हीडीएच्या मेन्यूत, प्रेफरन्सेसखाली, स्पीच डिक्शनरी आहे. तीत मूळ शब्द आणि त्याऐवजी बोलायचा शब्द अशी जोडी नोंदवता येते. ‘मु. पो.’साठी ‘मुक्काम पोस्ट’ अशी नोंद सरळ करता येते. ‘ता.’साठी मात्र जपावे लागते. केवळ ‘ता.’ अशी नोंद करून ती ‘कोठेही’ लागू केली तर ‘पाऊस पडत होता.’ हे वाक्य ‘पाऊस पडत होतालुका’ असे ऐकू येईल, कारण ‘होता’ आणि पूर्णविराम यांतही तीच अक्षरे आहेत. पूर्ण शब्दासाठीचा पर्याय देवनागरीत काना-मात्रांमुळे भरवशाचा ठरत नाही. म्हणून मूळ शब्दाच्या रकान्यात आधी एक जागा सोडून, मग ‘ता.’, मग पुन्हा एक जागा असे टंकावे आणि बदली शब्दाच्या दोन्ही बाजूंनाही जागा सोडावी. ‘जि.’साठीही असेच करावे. शब्दांच्या जागा सोडल्या नसलेले पत्ते या नोंदीतून निसटतील, त्यावर इलाज नाही.

एखादे आडनाव सतत चुकत असेल तर ते जसे ऐकू यायला हवे तसे बदली रकान्यात लिहून पाहावे, तेथे शुद्धलेखनाचा आग्रह धरू नये. अशी नोंद सर्व आवाजांना लागू होणाऱ्या कोशाऐवजी केवळ चालू आवाजाच्या कोशात करावी, कारण ई-स्पीकसाठी मुद्दाम वाकडे लिहिलेले नाव दुसऱ्या आवाजाच्या तोंडी वाकडेच येईल. ॲ हे अक्षर मजकुरात दोन प्रकारे टंकलेले आढळते, एक सलग अक्षर म्हणून आणि दुसरे अ या अक्षरावर चंद्र देऊन. ‘ॲप’सारखा शब्द एका ठिकाणी बरोबर आणि दुसऱ्या ठिकाणी चुकीचा ऐकू आला तर तेथे हे कारण असण्याचा संभव मोठा, तशा वेळी चुकणाऱ्या रूपाची एक नोंद करावी.

प्रश्न : ब्लूटूथ हेडफोन लावले की प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द अर्धवट ऐकू येतो. (पणजी)

उत्तर : आवाज थांबला की असे हेडफोन वीज वाचवण्यासाठी झोपतात आणि पुन्हा जागे होईपर्यंत पहिला शब्द निघून गेलेला असतो. एनव्हीडीएच्या अलीकडील आवृत्तीत, ऑडिओ सेटिंग्जमध्ये, बोलणे संपल्यावर ध्वनियंत्र किती वेळ जागे ठेवायचे हे ठरवता येते. ती वेळ वाढवून पाहावी. आवृत्ती जुनी असेल तर आधी ती अद्ययावत करावी. तरीही फरक पडला नाही तर कामासाठी तारेचे हेडफोन वापरावेत. टंकताना त्यांचा प्रतिसाद तसाही जलद असतो.

प्रश्न : मोबाइलवर टॉकबॅक मराठीत बोलेल का? (परभणी)

उत्तर : बोलेल. टॉकबॅक हा ॲन्ड्रॉइड फोनमधला स्क्रीन रीडर. ॲन्ड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘टेक्स्ट टू स्पीच’ असे शोधावे, गुगलचे इंजिन निवडून भाषा मराठी करावी आणि तेथूनच मराठी आवाजाची माहिती उतरवून घ्यावी, म्हणजे इंटरनेट नसतानाही आवाज चालतो. ई-स्पीकही ॲन्ड्रॉइडवर मिळतो, पण फोनवर टंकन कमी आणि ऐकणे अधिक असल्याने गुगलचा मराठी आवाज मला पुरेसा वाटतो.

प्रश्न : संगणकावर सगळे मराठीत ठरवून दिले आहे, पण संगणक सुरू करताना पासवर्डच्या पडद्यावर माझी पत्नी अडते. तेथे वेगळाच इंग्रजी आवाज भरधाव बोलतो आणि डेस्कटॉप उघडल्यावर तिचा नेहमीचा आवाज येतो. (ठाणे)

उत्तर : पासवर्डचा पडदा विंडोज सुरक्षेसाठी वेगळा ठेवतो आणि तेथे आपल्या पत्नीच्या खात्यातील सेटिंग्ज लागू होत नाहीत. एनव्हीडीएच्या सेटिंग्जमध्ये, ‘जनरल’ या पहिल्याच भागात, साइन-इनच्या वेळी एनव्हीडीए वापरण्याची चौकट आहे. ती आपल्याकडे चालू असणारच, नाहीतर तो पडदा बोलला नसता. त्याच्याच जवळ सध्या जतन केलेली सेटिंग्ज साइन-इनच्या आणि इतर सुरक्षित पडद्यांवर वापरण्यासाठीचे बटण आहे. आधी इन्सर्ट, कंट्रोल आणि सी दाबून आवाज आणि वेग जतन करावा, मग ते बटण दाबावे. विंडोज प्रशासकाची परवानगी मागेल, ती द्यावी. एनव्हीडीएला बाहेरून आणलेले ॲड-ऑन जोडलेले असतील तर तेही त्या पडद्यावर नेले जातात आणि तसा इशारा मिळतो. खात्रीचे नसलेले ॲड-ऑन आधी काढून टाकावेत आणि मगच पुढे जावे. पुढे कधी तिने वेग किंवा आवाज बदलला तर हे बटण पुन्हा दाबावे लागेल, कारण ही नक्कल आपोआप अद्ययावत होत नाही.